विश्लेषण : लोकल का थांबली, हे प्रवाशांना वेळेवर का कळत नाही?

६ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी सीएसएमटी स्थानकात रेल्वे कर्मचाऱ्यांनी अचानक आंदोलन केले आणि ऐन गर्दीच्या वेळी मध्य रेल्वेच्या लोकल जवळपास तासभर जागीच उभ्या राहिल्या. ताटकळलेले अनेक प्रवासी रुळांवर उतरून चालू लागले. सँडहर्स्ट रोड स्थानकाजवळ त्यांच्यापैकी काहींना लोकलची धडक बसली. त्यात दोघांचा मृत्यू झाला. गाडी थांबण्याची मुंबईकराला सवय आहे. ती का थांबली आणि किती वेळ थांबणार हे कळेनासे झाले, की तो रुळांवर उतरतो. म्हणूनच प्रवाशांशी संवाद हा सौजन्याइतकाच सुरक्षेचाही विषय ठरतो.

नियोजित ब्लॉकची माहिती मिळते, मग बिघाडाची का नाही?

ठरवून केलेल्या कामांची माहिती देण्यात रेल्वे तरबेज आहे. रविवारचा मेगाब्लॉक कोणत्या दोन स्थानकांदरम्यान, किती ते किती, हे शनिवारच्या वर्तमानपत्रात छापून येते. हार्बर बंद असेल तर पासधारकांना ट्रान्स-हार्बर किंवा मुख्य मार्गावरून प्रवासाची मुभा आहे, हेही त्यात असते. मे-जून २०२४ मध्ये ठाण्यातील फलाट रुंदीकरणासाठी ६३ तासांचा जम्बोब्लॉक घेतला गेला. सीएसएमटीतील काम धरून नऊशेहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. त्या वेळी शक्य त्यांना घरून काम करू द्यावे, असे आवाहन मध्य रेल्वेने कार्यालयांना केले होते.

अवचित बिघाडाच्या वेळी मात्र हीच यंत्रणा ‘तांत्रिक कारणामुळे’ या दोन शब्दांवर येऊन थांबते.

माहिती नेमकी कुठे अडते?

मोटरमनला समोर लाल सिग्नल दिसतो. पुढची गाडी अडली आहे, सिग्नल बिघडला आहे की ओव्हरहेड वायर तुटली आहे, हे त्याला तेवढ्यावरून समजत नाही. सगळे चित्र असते नियंत्रण कक्षाकडे आणि तिथल्या माणसांचे पहिले काम असते वाहतूक सुरू करणे. प्रवाशांना सांगण्याचे काम मग दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर जाते. नियंत्रण कक्षाकडून निरोप स्थानकात येतो, तिथून उद्घोषणा होते. ती फलाटावरच्यांना ऐकू येते. मुलुंड आणि ठाण्याच्या मधे अडकलेल्या डब्यात ती पोहोचत नाही. खरे तर नव्या गाड्यांत गार्डला डब्यांतील ध्वनिक्षेपकावरून बोलण्याची सोय आहे. पण त्याच्याकडेच माहिती नसेल, तर तो बोलणार काय?

‘बिघाड झाला आहे, कारण अजून समजलेले नाही, दहा मिनिटांनी पुन्हा सांगतो, कृपया खाली उतरू नका’ एवढे सांगायलाही पुरेसे धैर्य लागते. चुकीचे बोललो तर अंगाशी येईल, या धास्तीने कोणतीही सरकारी यंत्रणा गप्प राहणे पसंत करते. त्या शांततेत अफवा शिरतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. मुसळधार पाऊस आणि अरुंद पूल ही कारणे होतीच, पण ‘फूल गिर गया’ हे कुणीतरी ‘पूल गिर गया’ असे ऐकले, असेही त्यानंतर सांगितले गेले.

ॲपने प्रश्न सुटला का?

अर्धवट. लोकलचे ठिकाण थेट दाखवणारे ‘यात्री’ ॲप मध्य रेल्वेने २०२२ मध्ये आणले. त्याआधीपासून प्रवासी एम-इंडिकेटरवरील गप्पांमधून एकमेकांना ‘कळव्याला उभी आहे’ असे कळवत आले आहेत. गाडी कुठे आहे, हे ॲप सांगते. पण ती पुढे कधी हलेल, की रिक्षा शोधलेली बरी, हे ठरवायला तेवढे पुरत नाही. शिवाय खच्चून भरलेल्या डब्यात खिशातला फोन काढणे हीच एक कसरत असते. दृष्टिहीन प्रवासी तर उद्घोषणेवरच विसंबून असतो. त्यामुळे ध्वनिक्षेपकाला पर्याय नाही.

कमी खर्चात काय होऊ शकते?

दादरचे उदाहरण आहे. तिथे पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासूनच सुरू व्हायचे. ‘फलाट क्रमांक एक’ म्हटले की कुणाचा एक, हा घोळ नवख्या माणसाला नेहमीचा. ९ डिसेंबर २०२३ पासून सलग १ ते १४ क्रमांक देण्यात आले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला. बदलल्या त्या पाट्या, इंडिकेटर आणि उद्घोषणा. फलाट आहेत तिथेच राहिले.

याच धर्तीवर, नियंत्रण कक्षात फक्त प्रवाशांशी बोलणारा एक अधिकारी प्रत्येक पाळीत नेमता येईल. त्याचा निरोप एकाच वेळी गार्ड, स्थानके आणि ॲपकडे जायला हवा. निरोपात बिघाडाचे ठिकाण, अंदाजे वेळ आणि पर्यायी मार्ग असला पाहिजे. पास कुठे चालेल, हे मेगाब्लॉकला सांगता येते, तर बिघाडालाही सांगता येईल.

उशिराचा पुरावा हाही मुद्दा आहेच. जपानमध्ये गाडीला काही मिनिटे उशीर झाला, तरी रेल्वे कंपन्या तसा दाखला देतात. तो कार्यालयात किंवा शाळेत दाखवता येतो. मुंबईत लेट मार्क टाळण्यासाठी नोकरदार फलाटावरच्या इंडिकेटरचा फोटो काढून साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवतात.