‘शक्य’ या शब्दाची किंमत

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लिंकनशायर हा परगणा आहे. 1086 च्या ‘डूम्सडे बुक’ या सरकारी नोंदवहीत तिथल्या कितीतरी मिठागरांचा उल्लेख येतो. आपल्यासारखे कडक ऊन नसल्याने तिथे मीठ वेगळ्या रीतीने काढत. भरतीने खारावलेला गाळ उन्हाळ्यात खरवडायचा, त्यातून समुद्राचे पाणी गाळून दाट खारे पाणी मिळवायचे आणि ते शिशाच्या कढईत आटवायचे. उरलेला गाळ बाजूला टाकत गेल्याने टेकाडे तयार झाली. मार्शचॅपल हे गाव अशाच टेकाडांवर वसले आहे.

जमिनीवरून चालताना ही टेकाडे सहसा लक्षात येत नाहीत. विमानातून काढलेल्या छायाचित्रात मात्र नांगरलेल्या शेतातले गाळाचे फिकट डाग उठून दिसतात, तिरप्या उन्हात उंचवट्यांच्या सावल्या पडतात. ब्रिटिश हवाई दलाची 1940 च्या दशकातली छायाचित्रे म्हणूनच मोलाची आहेत. नंतरच्या नांगरटीत अनेक उंचवटे सपाट झाले.

एवढे दिसूनही जाणता अभ्यासक नोंद करतो ती ‘शक्य मध्ययुगीन मिठागर’ अशी. कारण छायाचित्र आकार दाखवते, काळ सांगत नाही. तो ढीग ओढा उपसून टाकलेल्या मातीचाही असू शकतो. एसेक्सच्या किनाऱ्यावरचे लाल मातीचे उंचवटे मिठाच्या कामाचेच आहेत, पण लोहयुगातले आणि रोमन काळातले. खणून गाळणीचा खड्डा, चूल, खापरे सापडली, जुन्या कागदांशी मेळ बसला, की मगच ‘शक्य’ खोडायचे.

आपल्याकडे हाच शब्द सर्वांत आधी गाळला जातो. एक कमान, एक कोरीव दगड, मोबाइलवर फिरणारा एक फोटो, आणि वास्तू मुळात कोणाची याचा निकाल संध्याकाळपर्यंत लागलेला असतो. त्याची किंमत तिथे राहणारी जिवंत माणसे मोजतात.

हा रोग एकाच बाजूला नाही. आपल्या वैभवाच्या गोष्टी आपणही पुरावा न मागता पुढे पाठवतो. सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची ताकीद आहे. माझ्या मते ती आपल्याला आवडणाऱ्या बातमीलाही तितकीच लागू होते.

वर्गात ठाम उत्तराला गुण मिळतात. इतिहासाच्या तासाला ‘शक्य आहे, पण अजून सिद्ध झालेले नाही’ या उत्तरालाही पूर्ण गुण द्यायला हवेत. मिठाच्या ढिगाऱ्याबद्दल एवढी सावधगिरी बाळगता येते, तर माणसांच्या घरादाराचा प्रश्न असताना ती नक्कीच बाळगता येईल.