आपल्यातला आहे का?

परवा शनिवारी बाणेरला आमच्या कॉलेजच्या विदर्भ ग्रुपचं गेट-टुगेदर झालं. चौदा-पंधरा जण जमलो होतो. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, अमरावती, सगळीकडचे. सावजी मटण, हॉस्टेलचे तेच ते किस्से आणि त्याच त्या शिव्या. मजा आली, खोटं कशाला बोला.

आमच्यातला एक जण अमेरिकेत एमएस करून नुकताच परत आलाय. तो तिकडच्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींबद्दल सांगत होता. ग्रीक अक्षरांची नावं, मोठमोठी घरं, आत घ्यायचं की नाही हे जुनी पोरं ठरवणार, गोऱ्यांच्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं. "एवढं शिकून हेच का बे?" असंही कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर अर्ध्या तासाने विषय नोकऱ्यांवर आला. एकाच्या टीममध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. मी म्हणालो, माझ्याकडे आपल्याच कॉलेजच्या एका ज्युनिअरचा रेझ्युमे आहे, पाठवतो. त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव ऐकून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आपल्यातला आहे का?"

म्हटलं, विदर्भातलाच आहे, आर्णीचा.

"तसं नाही रे. आपल्यातला. समजून घे ना बे."

मी समजलो. टेबलावरचे सगळेच समजले. आणि कुणीही च्‌ च्‌ केलं नाही.

त्या रात्रीपासून हे डोक्यात आहे, म्हणून आज लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे. इंजिनिअरिंग कॉलेजातले आपले "ग्रुप" हे आपल्या फ्रॅटर्निटीच आहेत. त्यांना ग्रीक नाव नाही, घर नाही, घटना नाही. पण कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारात उभं ठेवायचं हे काम ते तितक्याच चोखपणे करतात. आणि पास आऊट होऊन नोकरीला लागलेले आपणच ते चालवतोय.

आधी ग्रुपच्या बाजूने बोलतो, कारण त्याचं खाल्लेलं मीठ मी विसरलेलो नाही. वणीहून रात्रभर ट्रॅव्हल्सने पुण्यात पहिल्यांदा उतरलो तेव्हा मला घ्यायला आलेला सिनिअर याच ग्रुपचा होता. पहिल्या सेमला जीटी मारायला शीट्स त्यानेच दिल्या, एम-वनच्या नोट्सही. वर्गात मी "करून राह्यलो" म्हटलं की पोरं खिदळायची. वणी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसायचं. यवतमाळ म्हटलं की दोनच प्रश्न यायचे, शेतकरी आत्महत्या आणि वाघ. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अवनी वाघिणीला मारलं त्यानंतर तर महिनाभर मला "काय रे, वाघावर बसून आलास का?" असं विचारत होते. अशा वेळी आपल्या बोलीत बोलणारी दहा पोरं जेवायला सोबत असणं ही काय चीज आहे, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

पण त्याच ग्रुपने आणखी एक गोष्ट केली. फर्स्ट इयरची पोरं हॉस्टेलला यायच्या आधी एका सिनिअरने कॅप राउंडची अलॉटमेंट लिस्ट प्रिंट करून ठेवली होती. या यादीत नावापुढे सीट कोणत्या कॅटेगरीतून मिळाली तेही असतं. त्याने हायलायटरने खुणा केल्या होत्या. ज्यांच्यावर खूण, त्यांना जेवायला बोलवायचं नाही, असा काही नियम नव्हता. नुसतं बोलावलं जात नव्हतं, एवढंच.

त्यात झरी-जामणीकडचा एक मुलगा होता. आमच्या वणीपासून फार लांब नाही. कोलाम समाजाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या महाराष्ट्रातल्या तीन जमाती सरकारी भाषेत "विशेष असुरक्षित" गटात मोडतात. आमच्या भागात त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. कोलामी ही त्यांची स्वतःची भाषा, तेलुगूसारखीच द्राविडी कुळातली. म्हणजे तो पोरगा घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि कॉलेजात तिसरी बोलत इंजिनिअरिंगपर्यंत आला होता. आमच्या ग्रुपने त्याचं नाव ठेवलं "कोटा". वर्गातली पुण्या-मुंबईची पोरं मला गावठी म्हणायची तेव्हा माझं रक्त उसळायचं. त्याला "ए कोटा" म्हणून हाक मारली जायची तेव्हा मी ताटात बघून जेवत असायचो. दुसऱ्या सेमला त्याने हॉस्टेल सोडलं. बाहेर खोली घेतली म्हणे. मी कधी विचारलं नाही.

आणि हे मी पुण्यात शिकलो असंही नाही. लहानपणी आमच्या गल्लीत एखाद्या पोराला गणित आलं नाही की "अगदीच कोलाम आहेस" असं मोठी माणसं सहज म्हणायची. म्हणजे बाहेरच्यांनी माझ्यावर मारलेला शिक्का मला टोचत होता, आणि मी घरून आणलेला शिक्का खिशात तयारच होता.

आता अमेरिकेकडे येऊ, कारण तुलना नीट केली पाहिजे. २०१५ च्या मार्चमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातल्या सिग्मा आल्फा एप्सिलॉन या फ्रॅटर्निटीच्या पोरांचा बसमध्ये वर्णद्वेषी गाणं म्हणतानाचा व्हिडिओ बाहेर आला. विद्यापीठाने ती शाखा बंद केली, दोन विद्यार्थ्यांना काढून टाकलं. हा झाला भडक प्रकार. मला त्यापेक्षा २०१३ चं अलाबामाचं प्रकरण महत्त्वाचं वाटतं. तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने, "द क्रिमझन व्हाइट"ने, बातमी दिली की एका हुशार कृष्णवर्णीय मुलीला गोऱ्या सोरॉरिटींनी नाकारलं. बातमीतला खरा मुद्दा हा होता की आतल्या काही मुलींना ती हवी होती. अडवलं ते माजी सदस्य बायकांनी. म्हणजे कॉलेज सोडून वर्षं झालेल्या, नोकरी-संसारात रमलेल्या बायका अजूनही दारात बसून ठरवत होत्या की आत कोण येणार. बातमीनंतर बोंबाबोंब झाली आणि त्याच मोसमात काही कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश मिळाला.

हे वाचल्यावर मला आमचं बाणेरचं टेबल दिसलं. हॉस्टेलमधली आजची पोरं कदाचित आपल्यापेक्षा बरी असतील. पण व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन आपण. रेफरल आपल्या हातात. दारात आपण बसलोय.

"आपल्याकडे असं काही होत नाही, ही नुसती थट्टा असते" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. दलित-आदिवासी विद्यार्थी छळाला कंटाळून हॉस्टेलच्या ठराविक मजल्यांवर एकवटले होते, हे त्यात नोंदवलंय. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवीने नायर हॉस्पिटलच्या हॉस्टेलमध्ये आत्महत्या केली. ती जळगावकडची, तडवी भिल्ल समाजाची. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन सिनिअर डॉक्टरांवर ठेवला गेला, आणि त्या तिघी बायकाच होत्या. मुलींच्या हॉस्टेलात असलं काही नसतं असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. १२ फेब्रुवारी २०२३ ला आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी हा फर्स्ट इयरचा मुलगा गेला. घरच्यांनी जातीय भेदभावाचा आरोप केला, संस्थेच्या चौकशी समितीला तसा थेट पुरावा मिळाला नाही. पण त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने विद्यार्थ्यांना सूचना काढली की एकमेकांना जेईईची रँक विचारू नका, त्यातून जात काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. जो प्रश्न कुणी विचारतच नाही, तो विचारू नका अशी सूचना कुठलीही संस्था काढत नाही.

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. परवा मी थोडं बोललो तेव्हा हाच आला. "मग दलितांचे, आदिवासींचे ग्रुप नसतात का? ते चालतात, आमचाच खुपतो?"

प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर. अमेरिकेत १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात आल्फा फाय आल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी निघाली, १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात आल्फा कॅपा आल्फा ही सोरॉरिटी. कारण उघड आहे. गोऱ्यांच्या घरांची दारं बंद होती. जवळजवळ त्याच काळात कोल्हापुरात शाहू महाराज काय करत होते बघा. त्यांनी आधी सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं, पण ब्राह्मणेतर पोरांना त्याचा फायदा होईना. मग १९०१ पासून जातवार बोर्डिंगं सुरू झाली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ज्यांना शाळेत पायच ठेवता येत नव्हता त्यांना शहरात राहायला छप्पर मिळावं, हा त्यामागचा हेतू. असा ग्रुप दार उघडण्यासाठी असतो. ज्याच्याकडे रेफरल, नोट्स, सिनिअर, फ्लॅट सगळं आधीच आहे त्याने यादीला हायलायटर लावणं हे दार बंद करण्यासाठी असतं. दोन्हींना "ग्रुप" हा एकच शब्द आहे म्हणून ती एकच गोष्ट होत नाही.

आणि गोष्ट तिथेही थांबली नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात तेव्हा एक मुलगा राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला, म्हणून त्याला बोर्डिंगातून काढलं, असं त्याच्या चरित्रांत सांगितलं जातं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात जे बोर्डिंग सुरू केलं त्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत होती. १९२७ साली गांधीजी ते बघायला आले होते.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतल्या पोरांना जे जमलं, ते वायफाय असलेल्या हॉस्टेलात आपल्याला जमत नाही. आणि आपण स्वतःला पुढारलेले म्हणवतो!

दुसरा आक्षेप मेरिटचा. "रेफरल म्हणजे फक्त ओळख, इंटरव्ह्यू तर मेरिटवरच होतो." कबूल. पण इंटरव्ह्यूपर्यंत पोहोचायचं कसं? २००७ साली थोरात आणि ॲटवेल या दोन अभ्यासकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सारख्या शिक्षणाचे अर्ज खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना पाठवले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. मेरिट मोजायच्या आधीच आडनाव मोजून झालेलं होतं. आणि रेफरलमध्ये तर नाव वाचणारा अनोळखी एचआर नसतो. तिथे आपण असतो, ज्याला आडनावावरून तालुका आणि जात दोन्ही कळतात.

तर काय करायचं? क्रांती वगैरे मी सांगत नाही. तीन साध्या गोष्टी आहेत. एक, कॉलेजांनी हॉस्टेलच्या खोल्या सरळ लॉटरीने द्याव्यात, रूममेट निवडायची सोय पहिल्या वर्षी ठेवूच नये. दोन, अलॉटमेंट लिस्टमधली कॅटेगरी ज्याची त्याला लॉगिन करून दिसावी, पारदर्शकतेसाठी क्रमांक आणि गुण पुरेसे आहेत. तीन, ही आपल्यासाठी. ज्युनिअरचा रेझ्युमे आला की आडनाव झाकून वाचा. खरंच झाका, अंगठा ठेवा त्यावर. मी या आठवड्यात करून बघितलं आणि अंगठा ठेवताना लाज वाटली, कारण किती वेळा ठेवायला हवा होता ते आठवत गेलं.

आर्णीच्या त्या पोराचा रेझ्युमे मी माझ्या कंपनीत दिलाय. पुढचं त्याच्या हातात. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की "आपल्यातला" म्हणजे काय ते एकदा स्पष्ट लिहा, नाहीतर तो प्रश्न पुन्हा विचारू नका. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने ग्रुप सोडला, बाकी सगळे गप्प आहेत.

झरी-जामणीच्या त्या मुलाचा नंबर मी दोन दिवस शोधतोय. एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये तो कुणाकडेच नाही.