भांगेची गोळी, गांजाची ब्राउनी : सीमा ओलांडली की कायदा बदलतो

इंदूरच्या परवानाधारक दुकानातून भांगेची गोळी घेणारा माणूस मध्य प्रदेशात गुन्हेगार ठरत नाही. तीच गोळी खिशात ठेवून तो महाराष्ट्रात आला, तर परवान्याशिवाय भांग बाळगल्याबद्दल दारूबंदी कायद्याखाली कारवाई होऊ शकते. गुजरातने 2017 मध्ये आपल्या दारूबंदी कायद्यातल्या मादक द्रव्यांतून भांग वगळली, त्यामुळे बडोद्यात शिवरात्रीची भांग पोलिसांच्या डोक्याला तितकासा ताप देत नाही. कर्नाटकात तर 29 किलो भांग सापडूनही आरोपीला जामीन मिळाल्याचं उदाहरण आहे. गोळी तीच, पण प्रत्येक राज्यात तिचा हिशेब वेगळा.

आतापर्यंत हा घोळ सणावाराच्या भांगेपुरता होता. आता त्यात खाण्याच्या नव्या पदार्थांची भर पडली आहे. ब्राउनी, कुकीज, चॉकलेट, तूप, मध. त्यातला एक प्रकार तर पालकांच्या कानावरही आलेला नसेल. व्हेपोरायझर नावाच्या यंत्रात गांजा न जाळता नुसता तापवतात आणि त्याची वाफ ओढतात. मागे तपकिरी चुरा उरतो. तो फेकून न देता खाण्याच्या पदार्थात घालायचा, अशी ही टूम आहे. कॅनडा, अमेरिकेत ती जुनीच. आपल्याकडे ती मोबाईलवरच्या व्हिडिओंतून पोचते आणि तिच्याबरोबर दोन समजही येतात. एक, उरलेल्या चुऱ्यात नशा राहिलेली नसते, असली तरी नावापुरती. दोन, वापरून झालेला माल म्हणजे कचरा, त्यावर कसली केस होणार? दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्ही महागात पडू शकतात.

तापवल्याने गांजा संपत नाही

ताज्या गांजात नशेचं द्रव्य बहुतांशी आम्लरूपात असतं. त्या रूपात ते खाल्लं तरी फारशी नशा येत नाही. उष्णता मिळाली की त्याचं टीएचसी होतं. व्हेपोरायझर हेच काम करतो. काही टीएचसी वाफेतून जातं, काही चुऱ्यात राहतं. किती राहतं ते यंत्राचं तापमान, किती वेळ तापवलं आणि मूळ माल किती कडक होता यावर ठरतं. म्हणजे एकाच डब्यातल्या दोन चमच्यांत सारखी मात्रा असेल याची खात्री नाही. घरी बनवणाऱ्याकडे ती मोजण्याचं साधन नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धूर किंवा वाफ ओढली की काही मिनिटांत परिणाम जाणवतो. खाल्लेला पदार्थ पोटातून यकृतात जातो. तिथे टीएचसीचं दुसरं, अधिक जोरकस रूप तयार होतं. परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात, आणि तो पुढे कित्येक तास टिकतो. फसगत इथेच होते. ‘काहीच होत नाहीये’ म्हणून माणूस दुसरा तुकडा तोंडात टाकतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात 2014 मध्ये गांजाची उघड विक्री सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये डेन्व्हरला आलेल्या 19 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने कुकीचा एक तुकडा खाल्ला. त्या एका कुकीत 65 मिलिग्रॅम टीएचसी होतं, म्हणजे साडेसहा जणांची मात्रा. थोडा वेळ काही जाणवलं नाही म्हणून त्याने उरलेलीही संपवली. काही तासांनी तो बाल्कनीतून खाली पडून मेला. त्यानंतर तिथे पाकिटांचे नियम कडक झाले. कॅनडात ऑक्टोबर 2019 पासून असे पदार्थ कायदेशीर आहेत, तरी एका पाकिटात 10 मिलिग्रॅमच्या वर टीएचसी चालत नाही. जिथे विक्रीला परवानगी आहे तिथे एवढी मोजमाप, आणि जिथे बंदी आहे तिथे चमच्याने अंदाज.

लहान मुलांचा आकडा तर आणखी अस्वस्थ करणारा आहे. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असे पदार्थ खाल्ल्याच्या नोंदी 2017 मध्ये 207 होत्या. 2021 मध्ये त्या 3,054 झाल्या. फ्रिजमधली ब्राउनी कोणती, हे मुलाला कोण सांगणार?

वजनाचं गणित

कायद्याकडे वळू. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती या कायद्यातून सुटते आणि राज्यांच्या अबकारी कायद्यांकडे जाते. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये 29 किलो भांगेच्या प्रकरणात जामीन देताना हाच धागा धरला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन प्रकरणात गांजाची व्याख्या शेंड्यांपुरतीच आहे यावर बोट ठेवलं. पोलीस पानं-काड्यांसकट सगळंच तोलतात, हा बचाव पक्षाचा नेहमीचा मुद्दा असतो.

वापरलेल्या चुऱ्याला मात्र ही पळवाट नाही. शेंडा तापवला, सुकवला, त्याचा रंग बदलला, तरी तो शेंडाच. व्याख्येतच ‘कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी’ असे शब्द आहेत. वर गांजाचं मिश्रण आणि त्यापासून केलेलं पेय हेही व्याख्येत आहे, मग त्यात निरुपद्रवी पदार्थ मिसळलेला असो वा नसो.

आता हिशेब बघा. गांजाची 1 किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ धरतात, तिला एक वर्षापर्यंत शिक्षा. 1 ते 20 किलोच्या मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत. 20 किलोच्या वर व्यावसायिक मात्रा, तिथे किमान दहा वर्षं. प्रश्न असा की ब्राउनीत वजन कशाचं धरायचं, गांजाचं की मैदा-साखरेसकट सगळ्याचं? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एप्रिल 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात उत्तर दिलं : मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. म्हणजे पाच-दहा ग्रॅम चुरा सव्वा किलो केकमध्ये घातला, तर कागदावर तो सव्वा किलोचा माल ठरू शकतो. जो हातात असता तर एका वर्षाची केस होती, ती पिठात मळल्यावर दहा वर्षांपर्यंतची.

त्याहून वाईट शक्यता तुपाची किंवा लोण्याची आहे. चुरा गाळून काढला की पदार्थात फुलाचा मागमूस राहत नाही, फक्त टीएचसी राहतं. सरकारी यादीत टीएचसीची वेगळी नोंद आहे : 2 ग्रॅमपर्यंत अल्प, 50 ग्रॅमच्या वर व्यावसायिक. सरकारी पक्षाने केस त्या नोंदीखाली उभी केली आणि पूर्ण वजनाचा नियम लावला, तर साठ ग्रॅमची एकच ब्राउनी व्यावसायिक मात्रेत जाऊन बसते. मग कलम 37 लागतं आणि जामीन मिळणं महाकठीण होतं. मुंबईत मालाडच्या एका बेकरीवर एनसीबीने जून 2021 मध्ये छापा टाकला, तेव्हा जप्त ब्राउनीचं वजन 830 ग्रॅम सांगितलं होतं. या 830 ग्रॅमना कोणत्या रकान्यात टाकायचं यावर शिक्षेचा सगळा फरक अवलंबून.

हा नियम वाहतूकदारांना पकडण्यासाठी ठीक असेल. वीस वर्षांच्या पोराने हॉस्टेलवर केलेल्या केकला तो लावणं म्हणजे तराजू आहे म्हणून तोलत सुटण्यासारखं आहे. संसदेने खाण्याच्या पदार्थांसाठी वेगळा निकष ठरवायला हवा, पण तशी हालचाल दिसत नाही.

‘आयुर्वेदिक’ छाप आणि सीमाभाग

दुसऱ्या टोकाला, ज्यांना खरोखर अडवायला हवं ते पाकिटावर ‘आयुर्वेदिक’ छापून मोकळे होतात. मंगळुरू पोलिसांनी जुलै 2023 मध्ये शंभर किलोहून जास्त अशी चॉकलेटं जप्त केली. मुनक्का, चूर्ण अशा नावांनी ती पानटपरीवर विकली जात होती. हैदराबादजवळ कोथूरमध्ये जानेवारी 2024 मध्ये शाळकरी मुलांना गांजाची चॉकलेटं विकल्याचं प्रकरण निघालं. भांग की गांजा हा वाद इथेही येतोच. पान आणि फूल या दोन्हींत तीच द्रव्यं असतात. दळून, उकळून, साखरेत घोटल्यावर ते कशापासून आलं हे प्रयोगशाळेला सांगणं अवघड जातं, आणि केस तिथेच लटकते.

बेळगाव, खानापूर, चंदगड, सावंतवाडी या पट्ट्यासाठी हे लांबचं नाही. शनिवार-रविवार गोव्याला जाऊन चोर्ला किंवा आंबोली घाटाने परतणाऱ्या गाड्या कमी नाहीत. किनाऱ्यावर कुणी दिलेला केकचा तुकडा डब्यात टाकून आणणाऱ्याला वाटतं, ही काय पुडी नाही. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक तिन्हीकडे एनडीपीएस एकच आहे, घाट बदलल्याने तो बदलत नाही. बदलतो तो फक्त भांगेचा नियम. आणि व्हेपोरायझरचं म्हणाल, तर 2019 च्या ई-सिगारेट बंदी कायद्याची व्याख्या एवढी रुंद आहे की निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून वाफ देणारं यंत्र तिच्यात येतं. अशा यंत्राची आयात, विक्री, साठा सगळंच गुन्हा.

घरात कुणी असं काही खाऊन गांगरला, उलट्या करू लागला, छाती धडधडते म्हणाला, किंवा लहान मूल पेंगुळून उठेनासं झालं, तर केसच्या भीतीने थांबू नये. थेट दवाखाना गाठावा आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगावं. व्यसनाधीन माणूस अल्प मात्रेच्या केसमध्ये अडकला आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला, तर खटल्यातून सूट देणारं कलम 64-अ याच कायद्यात आहे. ते फारसं कुणी वापरत नाही, कारण वकिलाकडे पोचेपर्यंत ते कुणाला माहीतच नसतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन सीमेच्या दोन्ही बाजूंना चालते.