सातबाऱ्याबाहेरचं कर्ज

कर्जमाफी झाली की पेपरात फोटो येतो. मंत्री, शेतकरी आणि दोघांच्या मधे प्रमाणपत्र. २००८ साली दिल्लीनं माफी दिली, २०१७ साली राज्यानं दिली, २०१९ साली राज्यानं पुन्हा दिली आणि या खेपेला तिला जोतीरावांचं नाव दिलं. तिन्ही खेपेला दरवाजा एकच. कर्ज शेतीचं पाहिजे, बँकेचं नाहीतर सोसायटीचं पाहिजे. म्हणजे आधी सातबारा पाहिजे. ज्याच्या बापाच्या नावावर मातीचं ढेकूळ नाही त्यानं दरवाजाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

२०१५ साली तर कमाल झाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी परवानावाल्या सावकाराकडून घेतलेलं कर्ज सरकारनं आपल्या तिजोरीतून फेडायचं ठरवलं. आता त्याच शेतकऱ्याच्या वावरात निंदणाला जाणाऱ्या बाईनं त्याच सावकाराकडे डोरलं ठेवलं असेल तर तिचं काय? ती शेतकरी नाही, मजूर आहे. तिचं डोरलं तिजोरीतच राहिलं.

यवतमाळ जिल्हा आत्महत्यांचा जिल्हा म्हणून देशाला ठाऊक झाला. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करप्यांच्या कुटुंबाचं १९८६ साली जे झालं तिथून लोक मोजायला लागतात. सरकारनं २००६ साली मदतीचे निकष ठरवले. जमीन पाहिजे, आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानावाल्या सावकाराचं पाहिजे. बिनपरवाना सावकाराच्या जाचानं मेला तर तो कर्जानं मेलाच नाही! आणि मजूर मेला तर त्या वहीत त्याच्यासाठी ओळच नाही.

मी यवतमाळच्या पाटीपुऱ्यातला. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत लागलो. बोजा उचलतो, कविता लिहितो, गावाकडे पैसे धाडतो. ते पैसे घरी थांबत नाहीत. सोमवारी एका गटाचा हप्ता, बुधवारी दुसऱ्या गटाचा, महिनाअखेर व्याजवाल्याचा. पाटीपुरा घ्या, तलाव फैल घ्या, कुठलीही जुनी वस्ती घ्या. आपल्या माणसानं कर्ज चैनीसाठी काढलेलं नसतं. दवाखाना, पोरीची फी, पावसाळ्याआधीचं टिनाचं छप्पर, मेलेल्याचं क्रियाकर्म. हे सगळं सरकारनं करायचं ते केलं नाही, म्हणून ते व्याजानं विकत घ्यावं लागलं.

साधा हिशेब मांडू. शेकडा दहा महिन्याला हा वस्तीतला भाव. दहा हजार घेतले तर महिन्याला हजार व्याज, वर्षाला बारा हजार. वर्षभर भरूनही मुद्दल दहा हजार जागच्या जागी. कायदा काय म्हणतो? परवाना असलेल्या सावकारानं शेतकरी नसलेल्या माणसाला बिनतारण कर्ज दिलं तर व्याज वर्षाला शेकडा अठरा. म्हणजे अठराशे. तारण ठेवलं तर शेकडा पंधरा. चक्रवाढ लावता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तेव्हा दहा महिने हजार-हजार भरलेली मावशी सावकाराची देणेकरी आहे, की सावकार तिचा?

या प्रश्नावर आपल्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं, पोलीस त्यांचे. कशाला नादी लागता? दुसरा माईकवर ओरडतो, कुणीही एक छदाम भरू नका! दोघांशी माझं भांडण आहे.

२०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भात बाया मायक्रोफायनान्स कंपन्यांविरुद्ध रस्त्यावर आल्या. राग खरा होता. हातात नोटा नव्हत्या, काम नव्हतं, हप्ता मात्र दर आठवड्याला दारात. त्यातच आवई उठली की कर्ज माफ झालं. माफ काही झालं नव्हतं. भाषण ठोकणारे घरी गेले आणि थकबाकीचा शिक्का बायांच्या नावावर बसला. सिबिल खराब झालं की बँक उभं करत नाही. मग जायचं कुठं? त्याच शेकडा दहावाल्याकडे. अर्धवट लढाईनं शत्रूचंच गिऱ्हाईक वाढतं, दोस्तहो.

आणि कायदा त्यांचा म्हणणाऱ्यांनी १९७५ आठवावं. त्या वर्षी २२ ऑगस्टपासून महाराष्ट्रात भूमिहीन मजूर, कारागीर, अल्पभूधारक आणि कमी कमाईचे कामगार यांचं सावकारी कर्ज कायद्यानं पुसलं. गहाण वस्तू परत करा म्हणून सांगितलं. तेव्हा मजूर कर्जदार होता, त्याला नाव होतं! सावकार सुप्रीम कोर्टात धावले. १९७७ साली कृष्णय्यरांच्या निकालानं कोर्टानं तो कायदा उचलून धरला. म्हणजे मजुराचं कर्ज पुसता येतं, घटनेत बसतं, कोर्टात टिकतं. पण त्या कायद्यानं जुनं कर्ज पुसलं, नव्या कर्जाची सोय केली नाही. दुसऱ्या दिवशी पोरगं आजारी पडलं तर पैसे कुणी द्यायचे? ते उत्तर नव्हतं म्हणून सावकार पुन्हा उगवला.

आज असा पुसणारा कायदा आपल्या हातात नाही. जे आहे ते तुकड्या-तुकड्यानं आहे. ते तुकडे ओळखायला शिकलं पाहिजे, कारण कर्ज देणारे दोन जातींचे आहेत आणि त्यांची दारं वेगळी आहेत.

पहिला, वस्तीतला व्याजवाला. त्याला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागतो. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा गुन्हा. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कोऱ्या कागदावर सही घेणंही गुन्हा. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे, सहकार खात्यात. व्याजात घर-जागा लिहून घेतली असेल तर कलम १८ खाली चौकशी होऊन ते खरेदीखत रद्द ठरू शकतं, जागा परत मिळू शकते. त्याला मुदत आहे, म्हणून उशीर करायचा नाही.

दुसरी, गटाचं कर्ज देणारी कंपनी. ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असेल तर तिला सावकारी कायदा लागत नाही. सुप्रीम कोर्टानं २०२२ साली केरळच्या खटल्यात हेच सांगितलं. तिच्याविरुद्ध निबंधकाकडे खेटे घालू नका, चपला झिजतील. तिला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कर्जाचा कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत पाहिजे. वसुली ठरलेल्या जागी. लागोपाठ दोनदा तिथं आलं नाही तरच घरी. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन नाही. शिवीगाळ नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि नातेवाइकांना त्रास नाही, नावं जाहीर करणं नाही. आमच्याकडे एका कंपनीचा पोरगा रात्री नऊला दारात बसून म्हणायचा, "पैसे भर नाहीतं मी उठत नाही." तो बसणंच बेकायदा होतं, हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं. अशी तक्रार आधी कंपनीला लेखी द्यायची. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आणि वसुलीवाल्यानं चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

"भांडे उचलून नेईन" या धमकीला बाया सगळ्यात जास्त भितात. दिवाणी कायद्याचं कलम ६० वाचा. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, रूढीनं बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं आणि मजुराची मजुरी जप्त होत नाही. मजुराचं राहतं घरही नाही, फक्त ते गहाण लिहून दिलेलं नसावं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक होत नाही. १९८० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, नुसत्या गरिबीपायी फेडू न शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही. एकच सावधगिरी: कोरा चेक कुणाला देऊ नका. चेक परत गेल्याचा खटला फौजदारी असतो.

वीटभट्टीची, ऊसतोडीची उचल घेऊन जे जातात, सालदार म्हणून जे राबतात, त्यांच्यासाठी १९७६ चा वेठबिगार कायदा आहे. उचल फिटेस्तोवर हलायचं नाही, असं कुणी डांबलं तर ती वेठबिगारी, आणि वेठबिगारीतलं कर्ज कायद्यानं संपलेलं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, राज्य मोठं दयाळू आहे बुवा! नाही. २०१६ साली दिवाळखोरीचा कायदा झाला. त्यात एक प्रकरण गरिबासाठी आहे. वर्षाची कमाई साठ हजारांच्या आत, मत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, स्वतःचं घर नाही, अशा माणसाचं कर्ज पुसून त्याला नवी सुरुवात द्यायची. २०१९ च्या डिसेंबरात त्या कायद्याचा व्यक्तींचा भाग चालू केला, तो फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. गरिबाचं पान छापलं आणि मिटून ठेवलं. ते पान उघडा, ही आपली मागणी पाहिजे. १९७५ सारखा मजुराच्या कर्जाचा कायदा करा आणि सोबत मजुराला सरकारी पतपुरवठा द्या, ही दुसरी मागणी पाहिजे. मोर्चा या मागण्यांवर काढा.

पण मोर्च्याच्या आधी काम आहे. सावकाराची ताकद त्याच्या दंडात नाही, त्याच्या कागदात आहे. त्याच्याकडे आपली सही आहे, आपल्याकडे त्याची पावती नाही. आपली माय दिलेल्या पैशाचा हिशेब बोटावर ठेवते आणि लाजेपायी तोंड उघडत नाही. सावकार शेजारणीला आणि मायला वेगळं-वेगळं गाठतो, कारण दोघी एकमेकींना आकडा सांगत नाहीत. ही लाज फोडणं हे शिकलेल्या पोरांचं काम आहे.

तेव्हा वस्तीतल्या मॅट्रिकवाल्यांनो, बी.ए.वाल्यांनो, एक वही घ्या. रविवारी बुद्धविहारात बसा. कुणाकडून, किती, कधी घेतले; किती भरले; काय गहाण; कुठं सही, तारखेनिशी लिहा. हप्ता भरताना मोबाईलवरून भरा, म्हणजे पुरावा राहतो. वही भरली की दहा-दहा बाया मिळून निबंधकाच्या कचेरीत चला, अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. वकील नाही म्हणून अडू नका. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, कमाई कितीही असो, वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं दार ठोठवा.

एकटी बाई अर्ज घेऊन गेली तर साहेब तिला उद्या ये म्हणतो. दहा गेल्या तर खुर्ची मागवतो. पाटीपुऱ्यात ही वही सुरू करायचं आम्ही ठरवलं आहे. तुमच्या फैलात कोण सुरू करतं ते कळवा.

जयभीम.