पदवी मिळाली, लॉगिन बंद झाले

पीएचडीची व्हायवा पार पडते, पेढे वाटले जातात, नावामागे ‘डॉ.’ लागते. त्याच सुमारास एक कागद घेऊन विभागाविभागांतून हिंडावे लागते. तो म्हणजे ‘नो ड्यूज’. त्यावर ग्रंथपालाची सही हवी, म्हणजे पुस्तके परत, कार्ड जमा, लॉगिन बंद. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 आणि कमाल 6 वर्षे मिळतात. पुनर्नोंदणीची 2 वर्षे आणि स्त्रियांना असलेली आणखी 2 वर्षांची सवलत धरली, तर हा प्रवास दहा वर्षांपर्यंतही लांबतो. एवढा काळ एका विषयाचे वाचन करणाऱ्या माणसाला, तो त्या विषयातला जाणकार ठरताच आपण वाचनाच्या बाहेर काढतो. हे कुणाला विचित्र वाटत नाही, हेच जास्त विचित्र आहे.

विद्यापीठात किंवा कॉलेजात चिकटलेल्यांना याची झळ लागत नाही. पण सगळे चिकटत नाहीत. प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या, तासिका तत्त्वावरचे काम वर्षागणिक नव्याने मिळवायचे, आणि जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडीची सक्तीही उरलेली नाही. नेट किंवा सेट पुरते. मग कुणी परभणीला परततो, कुणी चिपळूणला. आईवडील थकलेले असतात, शेती बघायची असते, मूल लहान असते. गावात लगेच ऐकू येते, ‘एवढं शिकून शेवटी घरीच ना!’ परतणाऱ्या बाईच्या वाट्याला तर ‘आता घरीच आहेस ना’ असे म्हणत सगळ्या नात्यागोत्याची कामे येतात. शिक्षण वाया गेले, असा निकाल लागतो. माझ्या मते घरी परतल्याने काही वाया जात नाही. परतलेल्याचा अभ्यासाशी असलेला धागा तुटतो, तिथे ते वाया जाते. आणि तो धागा तोडण्याचे काम घर करत नाही, संस्था करते.

जिल्ह्याच्या गावी संशोधन होतच नाही, असे म्हणायला आपला इतिहास आडवा येतो. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून उभे आहे, आणि ज्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने ते उभे आहे त्यांनी दप्तरे गोळा केली ती विद्यापीठाच्या खुर्चीत बसून नव्हे. मात्र त्यांची साधने वाड्यांत आणि देवघरांत होती. आजची साधने प्रकाशकांच्या कुलपात आहेत. एकेक लेख विकत घ्यायचा तर डॉलरमध्ये पैसे मोजावे लागतात. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, ही मोठीच सोय. पण प्रबंध कालचा असतो, चालू वाद नियतकालिकांत चाललेला असतो.

केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये मंजूर केले. जानेवारी 2025 पासून सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली. पण खुली कुणाला? त्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना. काल त्याच संस्थेतून बाहेर पडलेला डॉक्टर त्यात बसत नाही. यावर पहिला आक्षेप खर्चाचा: सगळ्यांना द्यायचे तर प्रकाशक किंमत वाढवतील. घरोघरी लॉगिन मागितले तर वाढवतीलही. पण ब्रिटनमध्ये 2014 साली सार्वजनिक वाचनालयांतल्या संगणकांवर येऊन वाचण्यापुरती मुभा प्रकाशकांनीच दिली होती. महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, जिल्हा ग्रंथालये आहेत. तिथे एक संगणक आणि एक खुर्ची मागण्यात अवास्तव काही नाही. केंद्राची ही योजना पुढे वाचनालयांपर्यंत नेण्याची चर्चा झालेली आहे. ती चर्चेपुरती राहू नये.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पुष्कळ प्रबंध नोकरीच्या कागदासाठी लिहिलेले असतात, त्यांच्या कर्त्यांना पुढे वाचायचेच नसते. खरे आहे. अशांनी त्या खुर्चीत येऊन बसण्याची भीती कुणी बाळगू नये. ते येणार नाहीत. जी येईल ती मूल शाळेत सोडून दोन तास येईल, आणि आपल्या तालुक्यातल्या पाण्याबद्दल, बोलीबद्दल किंवा कापसावरच्या किडीबद्दल मुंबई-पुण्यात बसून लिहिता येत नाही असे काही लिहील. तोवर विद्यापीठांना एक गोष्ट दिल्लीची वाट न पाहता करता येईल: ‘नो ड्यूज’च्या कागदावर ग्रंथपालाच्या सहीशेजारी, माजी संशोधक म्हणून वाचनकक्षाचे कार्ड पुढे चालू ठेवायचे का, असा एक रकाना.