वाचनालयांनी मोठ्याने वाचावे

श्रावणात पोथी लावण्याची चाल आमच्या गावांतून अजून अगदीच नाहीशी झालेली नाही. एकाने श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' वाचावा, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि सगळ्या गल्लीने ऐकावे. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीचीही त्या ओसरीवर हक्काची जागा असे. ती एक दिवस दिसली नाही, तर कोणी तरी तिच्या दारी चौकशीस जाई. पुण्य किती पदरी पडले ते देव जाणे, पण माणूस एकटे पडत नसे.

आज ग्रंथांची वाण नाही. एकट्या बेळगावातच १८४८ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे. पण पुस्तक घ्यावयाचे, पिशवीत घालावयाचे आणि घरी जाऊन एकट्यानेच वाचावयाचे, हा आमचा परिपाठ! मुलगा पुण्यास, मुलगी बंगळुरास, आणि घरात दोन वृद्ध जीव. त्यांतलाही एक गेला म्हणजे उरलेल्याने बोलावे कोणाशी? जगात सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असून, दरवर्षी सुमारे ८ लक्ष ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले. हे दुखणे केवळ मनाचे नव्हे.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या परिसरात साहित्याच्या अध्यापिका जेन डेव्हिस ह्यांनी ह्या शतकाच्या आरंभी सहवाचनाची मंडळे सुरू केली. पुढे ती तुरुंगांत, रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांतही भरू लागली. तेथे घरून वाचून यावयाचे नसते. कथा-कविता तेथेच मोठ्याने वाचावयाची, मध्येच थांबावयाचे, ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावयाचे. गप्प बसण्यासही मुभा. आमच्या व्याख्यानमालांत नेमके हेच घडत नाही. श्रोता तीन तास ऐकतो आणि आला तसाच मुका परततो.

आमच्या वाचनालयांनी आठवड्यातून एक दुपार ह्या कामी द्यावी. दहा-बारा खुर्च्या वर्तुळात मांडाव्या. अध्यक्ष, हारतुरे, आभारप्रदर्शन काही नको. बेळगावात वाढलेल्या जी. ए. कुलकर्णी ह्यांची एखादी कथा घ्यावी. ती उदास म्हणून कोणी दचकेल. परंतु परक्याच्या दुःखाविषयी बोलता बोलताच आपल्या दुःखाला वाचा फुटते. मनाच्या आजारावर हा वैद्याचा पर्याय नव्हे, हे मात्र विसरू नये.

पहिल्या दिवशी चारच माणसे येतील. चौघांनिशीच आरंभ करावा. आणि चौथा पुढच्या खेपेस दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन यावे.