नुसत्या फायली पुरत नाहीत

बाबांनी संगणकावर लिहिलेल्या आठवणी ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत, तो विंडोज ९८ वरच चालतो. म्हटलं, व्हर्च्युअल मशीन करू! सीडीवरच्या सगळ्या फायली कॉपी करून आयएसओ बनवली, जोडली... आणि मशीन ढिम्म. बूट करण्याजोगं काही सापडेना.

चूक माझीच. १९९५च्या 'एल तोरितो' पद्धतीत बूटची नोंद सीडीच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरवर असते. ती फाइल नसतेच, मग कॉपी कशी होणार? अख्ख्या सीडीची जशीच्या तशी इमेज काढली, तेव्हा कुठे गाडी हलली.

असो. मजकूर जपला म्हणजे सगळं जपलं, असं आपण समजतो. मला आता पटत नाही. तो वाचणारं यंत्रही जपायला हवं. नाहीतर बाबांचे शब्द घरात असूनही मुकेच राहिले असते.